कपलिंगनाना

चितेगावात कुणाच्या शेतात पाइप फुटला, की लोक आधी मोटार बंद करतात आणि मग कपलिंगनानांना कळायच्या आत पाइप बांधून टाकतात. उशीर झाला तर नाना येतात. नाना आले की पाइप दुरुस्त होतो, त्यात खोट नाही. पण त्याआधी त्या पाइपाचा बाहेरचा व्यास, आतला व्यास, भिंतीची जाडी, तो कुठल्या भारतीय मानकात बसतो आणि मानकात बसूनही शेजारच्या पाइपात का बसत नाही, हे सगळं उभ्यानं ऐकून घ्यावं लागतं. ते संपेपर्यंत लाइट गेलेली असते. शेतीच्या लाइटीला वेळापत्रक आहे, नानांना नाही.

नाना म्हणजे कुणी एकच माणूस आहे असं समजू नये. तो नमुना आहे. पैठण रस्त्यानं कांचनवाडीपासून बिडकीनपर्यंत प्रत्येक गावात तो थोड्याफार फरकानं सापडतो. हा पट्टाच तसा. चितेगाव म्हटलं की बाहेरच्याला व्हिडिओकॉनचा कारखाना आठवतो. गावातल्या म्हाताऱ्यांना त्याच्या आधीची ज्वारी आठवते आणि पोरांना नंतर पडलेले प्लॉट. एकाच घरातला एक भाऊ शिफ्टला जातो, दुसरा मोसंबीला पाणी देतो. जो जन्मभर शिफ्टला जाऊन शेवटी मोसंबीकडे परततो, त्याच्या हातात खुरपं येतं, पण डोळ्यात मायक्रोमीटर तसाच राहून जातो. गाव त्याला नाना, अण्णा नाहीतर आबा म्हणतं आणि आडनावाच्या जागी त्याचं खूळ लावतं. कुणी बोअरवेलअण्णा होतो, कुणी इन्व्हर्टरआबा. आमच्या वाट्याला कपलिंगनाना आले.

नाना वाळूजला दुचाकीचे सुटे भाग करणाऱ्या एका वर्कशॉपात इन्स्पेक्शनला होते. काम एकच: नटात गेज घालायचं. गेजला दोन टोकं. एक 'गो'. ते नटातून सरळ फिरत गेलं पाहिजे. दुसरं 'नो-गो'. ते दोन आट्यांच्या आत अडलंच पाहिजे. गो गेलं आणि नो-गो अडलं, तर माल पास. गो अडलं तर नट बारीक, नो-गो गेलं तर नट ढिला, दोन्ही रिजेक्ट. या दोन टोकांनी नानांचं आयुष्य व्यापलं. कंपनी सुटली, गेज सुटलं नाही. नवा तलाठी आला, की नाना त्याच्याशी पाच मिनिटं बोलतात आणि घरी येऊन निकाल देतात, "गो जातंय, पण नो-गो पण जातंय." म्हणजे माणूस गोड आहे, पण कुणाशीही गोड आहे. भाच्याला सांगून आलेल्या एका स्थळाबद्दल ते नुसतं "गो अडलं" म्हणाले, आणि तिकडच्या मंडळींनी त्याचा अर्थ चांगला घेतला.

अंगावर कंपनीचाच राखाडी शर्ट. त्यावरचा बिल्ला नानींनी उसवून काढलाय, पण टाक्यांच्या भोकांमधून कंपनीचं नाव अजून वाचता येतं. वरच्या खिशात व्हर्निअर, पेन आणि टेफ्लॉन टेपचं रीळ. पायजम्याच्या खिशात नेहमी एखादी कपलिंग, निपल नाहीतर बुश असतो; त्यामुळं नाना बसले की टाइलवर ठण्ण आवाज येतो आणि यजमान घाबरून खाली बघतो.

नानांचं दुःख एका ओळीत सांगता येतं. जगात दोन गोष्टी एकमेकींत बसायला हव्यात, आणि त्या बसत नाहीत. तेच दुःख नाना सांगतात तेव्हा मात्र हार्डवेअरचं दुकान अडून राहतं. एकदा एक पोरगा दुकानात आला आणि म्हणाला, "अर्धा इंची सॉकेट द्या." नाना तिथं स्टुलावर होते.

"अर्धा इंची म्हणजे किती?"

"अर्धा इंची म्हणजे अर्धा इंच, नाना."

"दाखव, कुठंय अर्धा इंच."

नानांनी लोखंडी पाइपाचा तुकडा उचलला. बाहेरून व्हर्निअर लावला: २१.३ मिलिमीटर. आतून लावला: सोळाच्या आसपास. "अर्धा इंच म्हंजी १२.७. आता सांग, हा अर्धा इंच आत हाय का भायेर?" पोरगा पाइपाकडे बघत राहिला. मग नानांनी त्याला पाइपाचा पूर्वेतिहास ऐकवला. जुन्या काळी लोखंडी पाइपाच्या भिंती जाड असत आणि आतलं भोक खरंच अर्ध्या इंचाच्या जवळपास असे. पुढं लोखंड सुधारलं, भिंती पातळ करता आल्या. पण बाहेरचा व्यास हलवता येईना, कारण आटे बाहेरच्या अंगाला पाडलेले. तो हलवला असता तर आधी बसवलेला एकेक जोड वाया गेला असता. म्हणून भोक मोठं झालं, बाहेरचं माप तेच राहिलं आणि नाव जुनंच चालू राहिलं. "खानदानी नाव," नाना म्हणाले, "आत काहीच शिल्लक नाही."

एवढ्यावर भागलं असतं तर तो पोरगा सॉकेट घेऊन गेला असता. पण नाना प्लास्टिकवर आले. शेतीचा दोन इंची पीव्हीसी पाइप बाहेरून ६३ मिलिमीटर असतो. घराच्या नळकामाचा दोन इंची पाइप बाहेरून ६०.३. दोघांचं नाव दोन इंच, दोघांतही नेमके दोन इंच नाहीत, आणि दोघं एकमेकांच्या फिटिंगला ओळख देत नाहीत. "पावणेतीन मिलिमीटर," नाना दुकानभर व्हर्निअर फिरवत म्हणाले. "एवढ्याशा फटीतून मराठवाड्याचं किती पाणी गेलं असंल, हिशेब करा." दुकानदारानं हिशेब केला, पण तो ताटकळलेल्या गिऱ्हाइकांचा. "नाना," तो दखनीत हात जोडून म्हणाला, "आप नाप मत लो, माल लो."

माल मात्र नाना क्वचितच घेतात. त्यांना तक्रार हवी असते. ठिबकच्या नळीचीही त्यांच्याकडे आहे. सोळा मिलिमीटरच्या नळ्या बाहेरून सोळाच्याच असतात, कारण माप बाहेरचं धरलेलं असतं. जॉइनर मात्र आत जातो, आणि आतली जागा भिंतीच्या जाडीवर ठरते. मग पातळ नळीत जॉइनर सैल बसतो, जाड नळीत तो बसवताना अंगठ्याचं साल निघतं. "मोजायचं भायरून आन् जोडायचं आतून," नाना म्हणतात, "आपल्याकडची सोयरीक अशीच होते."

परदेशी मालही त्यांच्या तडाख्यातून सुटत नाही. आपल्याकडच्या अर्धा इंची नळाच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, इंचाला १४ आटे. ही व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराची १८४१ सालची शिस्त. अमेरिकेच्या अर्धा इंची पाइपालाही इंचाला १४ आटेच, पण कोन ६० अंशांचा. त्यामुळं अमेरिकी फिटिंग आपल्या सॉकेटात तीनचार फेरे छान फिरते, माणसाला वाटतं बसली, आणि पाणी सोडलं की ठिबकते. एक इंचीत हा घोटाळा तेवढा होत नाही. तिथं एकाचे इंचाला ११ आणि दुसऱ्याचे साडेअकरा, त्यामुळं दोनतीन फेऱ्यांतच भांडण उघड होतं. नानांना उघड भांडणं मान्य आहेत. जो आत शिरतो पण बसत नाही, त्याचा त्यांना राग. निवडणुकीच्या दिवसांत एका पुढाऱ्याबद्दल त्यांनी "अमेरिकी अर्धा इंची" असं म्हटलं होतं. गावानं ते त्याच्या उंचीबद्दल घेतलं.

पारावर नानांची एक कथा ठरलेली आहे. ती बाल्टिमोरची. ७ फेब्रुवारी १९०४, रविवार. अमेरिकेतल्या त्या शहराला आग लागली. शेजारच्या वॉशिंग्टनहून आगीचे बंब रेल्वेत घालून आणले, मागून फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून आले. माणसं आली, होस आले, बंबात वाफ होती आणि नदीत पाणी होतं. पण पाहुण्यांच्या होसचं तोंड बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेना. आटे वेगळे, व्यास वेगळा. काहींनी होसच्या तोंडाला कापड गुंडाळून हायड्रंटवर दाबून धरलं. तीस तासांहून जास्त आग चालली, दीड हजारांवर इमारती गेल्या. पुढं तपास झाला तेव्हा त्या एका देशात होसच्या कपलिंगचे सहाशेवर प्रकार निघाले. दुसऱ्या वर्षी एक माप ठरवलं. आणि शंभर वर्षांनी पाहिलं, तर कित्येक मोठ्या शहरांनी ते अजून घेतलेलंच नव्हतं.

"कामून नव्हतं घेतलं?" पारावरचा कुणीतरी विचारतोच.

"कारण प्रत्येकाकडं आधीचा एक बंब होता," नाना म्हणतात. "आन् तो चालू होता."

ही कथा नाना इतक्या तपशिलानं सांगतात, की नवख्याला वाटावं ते तिथं पाइप धरून उभे होते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा एक म्हातारा शांतपणे म्हणाला होता, "गावाच्या नावातच बाल्टी हाय, तर पाइपाच्या नादी कशाला लागले?" त्या म्हाताऱ्याला नाना अजून कपलिंग देत नाहीत.

बाल्टिमोरनंतर येतो स्टॉर्झ. हा नानांचा देव. गुइडो स्टॉर्झ नावाचा अभियंता. १८८० च्या दशकात त्यानं असा जोड काढला, की ज्याची दोन्ही तोंडं सारखी. एरवी जोड म्हटला की मेल आणि फिमेल आलेच. आपल्या अग्निशमन दलाची ६३ मिलिमीटरची कपलिंगही तशीच. बायाबापड्या जवळ असल्या की नाना हे शब्द गिळतात आणि "एक शिरणारा, एक घेणारा" असं म्हणून प्रकरण आणखी अवघड करून ठेवतात. त्यांचा मुद्दा मात्र पक्का आहे. घाईच्या वेळी माणसाच्या हातात नेहमी दोन मेल येतात. होस उलटा उलगडला गेला, की दोन्ही टोकं घेऊन पुन्हा शंभर फूट पळा. स्टॉर्झच्या जोडात उलटसुलट नाहीच. कुठलंही टोक कुठल्याही टोकाला, आकडे अडकवा, फिरवा, झालं. जर्मनीतल्या बंबांना आजही तोच असतो. "वरचढ कुणी नाही, खालचा कुणी नाही," नाना डोळे मिटून म्हणतात, आणि समोरच्याला वाटतं आता कीर्तन सुरू होतंय.

हाच जोड शेतकऱ्यासाठी, नायलॉनमध्ये, परवडेल असा करायचा, हे नानांनी निवृत्तीनंतर मनावर घेतलं. गोठ्याच्या बाजूला पत्र्याचं शेड घातलं, वाळूजमधून भंगारात निघालेलं लेथ आणलं. म्हैस दोन दिवस दूध देईना. नायलॉनचे रॉड आले, रबरी रिंगा आल्या, वहीत आराखडे आले. वहीच्या पहिल्या पानावर नानांनी एक वाक्य लिहिलंय: 'जो सुटतो तो जोड, जो सुटत नाही ते वेल्डिंग.' जायकवाडीहून शहराकडे जाणारी, माणूस उभा राहील अशी अडीच हजार मिलिमीटरची नवी जलवाहिनी याच रस्त्यानं टाकायला लागले, तेव्हा नाना रोज बघायला जात. परतताना तोंड उतरलेलं असे. एवढा मोठा पाइप, आणि सांध्याला नुसतं वेल्डिंग! शेवटी एका वेल्डरला त्यांनी विचारलंच, "उद्या सोडायचा झाला तर?" तो म्हणाला, "काका, सोडायचा कशाला?" नानांनी त्याला मनातल्या मनात नो-गो लावलं आणि घरी आले.

पहिला 'समान जोड' तयार झाला तो ६३ मिलिमीटरसाठी. दोन्ही तोंडं सारखी, प्रत्येकाला दोन आकडे, पाव फेरा फिरवला की खट्ट. खरं सांगायचं तर जोड सुंदर होता. गळत नव्हता, हाताला लागत नव्हता, चिखलात पडला तरी धुऊन बसत होता. पुतण्याच्या शेतात त्यानं हंगामभर काम केलं. गाव बघून गेलं. सगळे म्हणाले, "भारी हाय." घेतला कुणीच नाही, कारण प्रत्येकाकडं आधीचा एक बंब होता.

मग उन्हाळा आला आणि टँकर सुरू झाला. टँकरवाल्याचा पाइप टाकीच्या तोंडाला बसत नसे. तो नुसता आत सोडायचा, निम्मं पाणी बाहेर, त्यावर कळशा घेऊन बाया आणि त्यांच्यात भांडणं. नाना म्हणाले, हीच वेळ. एक जोड त्यांनी टाकीला लावला, त्याचा जोडीदार टँकरच्या पाइपाला. पाव फेरा, खट्ट, आणि थेंब न सांडता टाकी भरली. बायांनी कळशा रिकाम्या घेऊन घरी जाताना नानांना काय म्हटलं, ते नानींनी अजून नानांना सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी टँकर आला, पण दुसराच. आदल्या दिवशीचा टँकर गंगापूर तालुक्यात लागला होता, नानांचा अर्धा जोड घेऊन. टाकीवर उरलेला अर्धा जोड आता कशालाच बसेना. त्याच्या आकड्यांमुळं जुना पाइपही आत सोडता येईना. शेवटी तो सोडवून काढावा लागला. "माझी निम्मी कपलिंग गंगापूर तालुक्यात फिरून राह्यलीये," नाना कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होते. जमीन अडकल्यावर माणूस बोलतो त्या आवाजात.

त्यातून त्यांना एक गोष्ट मात्र नीट कळली. चांगली कुदळ एकानं घेतली तरी ती खणते. चांगला जोड एकानं घेऊन भागत नाही. समोरच्यानंही तोच घ्यावा लागतो. म्हणजे आपल्याला जोड विकायचा नाही, गावाचं एकमत विकायचं आहे. नानांनी ग्रामसभेत ठराव मांडला: गावातले सगळे पाइप एका मापाचे असावेत, म्हणजे कुणाचाही पाइप कुणाच्याही शेतात चालेल, उसनवारी सोपी होईल, स्प्रिंकलरच्या क्लिपा जुळत नाहीत म्हणून दोन भावांची बोलणी बंद व्हायची नाहीत.

ठरावाला टाळ्या पडल्या. मोसंबीवाले म्हणाले, एक माप पाहिजेच, ७५ ठेवू. उसवाले म्हणाले, एकच पाहिजे. ९० ठेवा, ७५ नं उसाची तहान भागत नाही. कापूसवाले म्हणाले, ९० चा पाइप तुमचा बाप देणार आहे का, ६३ करा. विहीर खोल असलेला एकजण ११० म्हणाला, पण त्याला बसवला. नानांचा आग्रह ६३ चाच होता, कारण समान जोड ६३ चा होता. एकीवर अख्खी सभा एक होती, मापावर एकही दोघं एक नव्हते. सगळ्यांशी जुळणारा जोड सगळ्यांनाच हवा असतो. तो आपल्या मापाचा असावा, एवढीच ज्याची त्याची अट. नाना याला अपवाद असते तर फार मोठे झाले असते, पण मग ते नाना राहिले नसते.

ठराव पुढच्या सभेवर गेला. नाना शेडमध्ये गेले. दोन आकड्यांचा जोड लांब पाइपाच्या वजनानं किंचित डुलतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी तीन आकड्यांचं मॉडेल काढलं. जोड आता दगडासारखा घट्ट बसला. पुतण्या आनंदानं नव्या जोडाचं एक टोक घेऊन शेतात गेला आणि जुन्या जोडाला लावायला लागला. लागेना. दोन आकड्यांच्या तोंडात तीन आकडे जाणार कसे?

शेडमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. जगातल्या सगळ्या जोडांची भांडणं मिटवायला निघालेल्या माणसाचे स्वतःचे दोन जोड एकमेकांना ओळखत नव्हते.

"नाना, आता?"

"आता काय? मधला तुकडा करू. एका अंगाला दोन, दुसऱ्या अंगाला तीन."

"म्हंजी त्याला उलटसुलट आलं की."

नानांनी लेथ चालू केलं. लेथच्या आवाजात काही ऐकू येत नाही, हा त्या यंत्राचा मोठा गुण आहे.

एवढ्यावरून नाना म्हणजे दिसेल ते जोडत सुटणारा माणूस, असं कुणाला वाटेल. बिडकीन रस्त्यावरच्या एका वेल्डिंगवाल्याला तसंच वाटलं. तो सहज म्हणाला, "नाना, हातात तुमच्या जादू हाय. गॅसची नळी ऑक्सिजनच्या सिलिंडरला आन् ऑक्सिजनची गॅसला बसंल असा एक तुकडा काढून द्या. घाईत बरं पडतं." नाना स्टुलावरून उठले. त्यांना एवढं रागावलेलं गावानं पूर्वी पाहिलं नव्हतं. ऑक्सिजनचे आटे उजवे असतात, ॲसिटिलीनचे डावे. डाव्या नटाला कडेनं खाचही पाडलेली असते, म्हणजे अंधारात बोटाला कळावं. ते एकमेकांना बसत नाहीत, कारण ते बसू नयेत म्हणून कुणीतरी जागून विचार केलाय. एक चुकला तर दुकान, दुकानदार आणि गिऱ्हाईक एकदम उडतील. दवाखान्यातही भूल द्यायच्या गॅसची छोटी सिलिंडरं आणि ऑक्सिजनची, दोन्हींच्या तोंडावरची भोकं मुद्दाम वेगवेगळ्या जागी असतात, म्हणजे भलतं सिलिंडर मशीनवर चढतच नाही. "ते बसत नाही, ही त्याची इमानदारी हाय," नाना कडाडले. "गेजला गो एकटं नसतं, नो-गो पण असतं. ज्यानं नो-गो फेकून दिलं, त्यानं माझ्या दुकानात यायचं नाही." दुकान वेल्डिंगवाल्याचं होतं, पण त्या क्षणी ते सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी नानांचा सगळा संसार एकदम समजला. जे जुळायला हवं ते जुळत नाही आणि जे जुळू नये ते जुळवायला लोक टपलेले. या दोन्हींच्या मध्ये एक माणूस व्हर्निअर घेऊन उभा आहे.

त्या माणसाचा खरा वैरी मात्र ना इंच आहे, ना मिलिमीटर. तो आहे सायकलची ट्यूब. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणायची, उभी फाडून पट्टी करायची, ताणून ताणून पाइपाभोवती गुंडाळायची, शेवटी गाठ. ६३ ला बसते, ६०.३ लाही बसते. आत शिरणारा, घेणारा, इंग्रज, अमेरिकी, कुणाचंही तिला वावडं नाही. जिला जगात कुणी नो-गो लावू शकलं नाही, अशी ती एकमेव वस्तू. नाना तिचं नाव काढत नाहीत; 'ते काळं' म्हणतात. आणि ते काळं खुद्द त्यांच्या मोरीतल्या नळाला बांधलेलं आहे. नानींनी बांधलंय. नाना म्हणाले होते, थांब, बुश करून देतो. नानी थांबल्या, नळ थांबेना.

बरेच दिवस त्या पट्टीकडे बघत दात घासल्यावर नानांनी एक तह केला. ट्यूबला विरोध नाही, बेशिस्तीला आहे. त्यांनी वहीत नवं पान काढलं आणि पट्टीचं मानक लिहिलं. पट्टी क्रमांक एक: रुंदी २५ मिलिमीटर, लांबी ६००, पाइप ६३ पर्यंत. पट्टी क्रमांक दोन: रुंदी ३०, लांबी ९००, पाइप ९० पर्यंत. अर्ध्यावर अर्धी चढवायची, फेरे उजवीकडे, गाठ वरच्या अंगाला. सायकलच्याच ट्यूबची, मोटारसायकलच्या ट्यूबला वेगळं पान लागेल, ते विचाराधीन. पंक्चरवाल्याला एक नक्कल दिली. तो बिचारा आता गिऱ्हाइकाला विचारतो, "एक नंबर देऊ का दोन नंबर?" आणि गिऱ्हाईक म्हणतं, "फाटकी दे ना बाबा." पाच मिनिटांचं काम होतं, आता चौकशीला पंधरा लागतात.

आंबे बहाराचं पाणी चालू असताना पुतण्याचा ७५ चा पाइप सांध्यात सुटला. त्यानं हाताला आली ती पट्टी आवळली आणि मोटार चालू केली. नाना बांधावरून आलेच. वाकून बघितलं. कोरडं ठाक. बोट फिरवलं, बोटही कोरडं. मग खिशातून व्हर्निअर निघाला.

"अडतीस," नाना म्हणाले. "एकातही बसत नाही, दोनातही नाही. सोड ती."

"नाना, एक थेंब गळत नाही."

"थेंबाला मानक कुठं माहितीये? उद्या गळंल. मोटार बंद कर."

पुतण्यानं स्टार्टरकडं पाहिलं, मोसंबीच्या ओळींकडं पाहिलं, आणि अगदी सहज विचारलं, "नाना, ते बाल्टिमोरचं राह्यलंच की. वॉशिंग्टनहून बंब निघाले, पुढं काय झालं?"

नानांनी व्हर्निअर खिशात ठेवला, बांधावर जागा बघून टेकले आणि म्हणाले, "निघाले असं नाही. आधी रेल्वेवर चढवावे लागले. रविवार होता." दोन ओळी भिजून तिसरीला पाणी लागलं, तेव्हा बंब नुकते बाल्टिमोर स्टेशनात उतरत होते.